श्वासवाल्या बाईंचा जुना फोटो

माझ्या मावशीला सगळं गाव श्वासवाल्या बाई म्हणायचं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. छातीचा फोटो काढायला जो कोणी येई, त्याला ती एकाच सुरात सांगायची, "खोल श्वास घ्या... धरून ठेवा... हं, सोडा आता." दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तरी. कधी बाजारात भाजी निवडताना एखादा अनोळखी माणूस तिच्यासमोर येऊन छाती फुगवून उभा राहायचा आणि डोळे मोठे करून विचारायचा, "बाई, सोडू का?" मावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "थांबा, अजून बटण दाबलं नाही मी." मग दोघंही हसायची. मला मात्र तेव्हा लाज वाटायची.

मी तिच्याकडे आले तेव्हा नऊ वर्षांची होते. आईच्या नोकरीत सारख्या बदल्या व्हायच्या, माझी शाळा बुडायची, आणि मावशीला मूलबाळ नव्हतं. "चार महिने राहू दे माझ्याकडे," असं ती आईला म्हणाली होती. ते चार महिने चौदा वर्षं चालले. कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानाच्या वर मावशीच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर खालून कानशीचा आवाज यायचा. काका, म्हणजे मावशीचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरी आल्यावरही त्यांचा तो चष्मा उतरत नसे. साबणाच्या वेष्टनावर, बसच्या तिकिटावर, लग्नाच्या पत्रिकेवर, कुठेही चूक दिसली की ते खिशातली लाल पेन्सिल काढत. माझ्या आईच्या पत्रांतल्या वेलांट्यासुद्धा त्यांनी सुधारल्या होत्या. आईला ते कळलं तेव्हा तिनं सहा महिने पत्रच पाठवलं नाही, फोन करायची.

शाळा सुटली की मी थेट हॉस्पिटलात जायचे. एक्स-रेचं खातं तळघरात होतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, आणि टोकाला एक जाड दरवाजा. त्या दरवाज्यावर लाल दिवा लागला की आत जायचं नाही, हे मला अभ्यासाच्या आधी शिकवलं गेलं. त्याच्या शेजारी मावशीची अंधारी खोली. तिथे तीन टाक्या होत्या. फिल्म चौकटीत अडकवून ती आधी एका टाकीत बुडवायची, मग पाण्यात, मग तिसऱ्या टाकीत. त्या तिसऱ्या टाकीतल्या औषधाला आंबट, नाकात चढणारा वास यायचा. तो तिच्या केसांना, स्वेटरला, जेवणाच्या डब्यालाही यायचा. मला अजून कुठे व्हिनेगरची बाटली उघडली की क्षणभर वाटतं, मावशी घरी आली.

लाल उजेडात फिल्मवर हळूहळू बरगड्या उमटायच्या. आधी नुसतं ढगासारखं काहीतरी, मग एक एक हाड. ते मला पाहू द्यायला ती सहसा तयार नसे. "ही माणसाची आतली बाजू आहे. त्यानं आपल्याला दाखवायला दिलेली नाही, डॉक्टरांना दिलीय," असं म्हणायची. पण बिघडलेल्या, काळ्या पडलेल्या फिल्म ती मला द्यायची. आम्ही त्या गरम पाण्यात भिजवून खरवडायचो. मग निळसर, आरपार दिसणारा कागद हाती यायचा. माझ्या सगळ्या वह्यांना त्याची कव्हरं होती. वर्गात तसली कव्हरं दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून मी भारी भाव खायचे.

थंडीत ती एक गोष्ट करायची, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली. छाती टेकवायची पत्र्याची पाटी बर्फासारखी गार पडायची. पेशंट आत यायच्या आधी मावशी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून त्या पाटीवर ठेवायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. एकदा मी विचारलं, "हे कशाला?"

"अगं, आधीच घाबरून आलेलं असतं माणूस. त्यात उघड्या छातीला गार पत्रा लावायचा म्हणजे काय?"

तिनं काढलेले फोटो डॉक्टरसाहेब वाचायचे. उंच, वाकलेले, बाटलीच्या बुडासारख्या चष्म्याचे. ते फारच कमी बोलायचे. बोळाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची खोली होती आणि भिंतीवर उजेडाच्या पेट्या. फिल्म पेटीवर चढवायची, हाताची घडी घालायची आणि बघत राहायचं. चार वाजता मावशी थर्मासमधून दोन कप चहा ओतायची, एक त्यांना नेऊन द्यायची. त्या दहा मिनिटांत ते काय बोलत? मी कित्येकदा कान देऊन ऐकलंय. "आज गार आहे." "हो ना." "साखर कमी झाली." "उद्या जास्त घालते." एवढंच. पण डॉक्टरसाहेब रजेवर असले की मावशी चहा प्यायचीच नाही.

मी तेवीस वर्षांची झाले, नोकरीला लागले. मावशी पन्नाशीत आली. त्या वर्षी हॉस्पिटलात नवं यंत्र आलं. फिल्म नको, टाक्या नकोत, अंधार नको. बटण दाबलं की फोटो थेट पडद्यावर. मावशीनं वरवर फार उत्साह दाखवला, पण घरी आल्यावर ती काकांना म्हणाली, "माझ्या खोलीत आता झाडू आणि बादल्या ठेवणार आहेत म्हणे."

यंत्र बसवणारा इंजिनिअर म्हणाला, चाचणीसाठी कुणीतरी उभं राहा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "मी राहते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना उभं केलं, आता माझी पाळी." ती पाटीला छाती टेकवून उभी राहिली. तिची नवी सहकारी, नुकतीच शिकून आलेली एक मुलगी, काचेमागून म्हणाली, "श्वास घ्या बाई, धरा." मग बराच वेळ 'सोडा' म्हणेचना. मावशीनं अखेर स्वतःच श्वास सोडला आणि काचेमागे जाऊन पडद्यावर पाहिलं.

दोन्ही फुफ्फुसांत गोल, पांढरे डाग होते. सात. एक चांगला द्राक्षाएवढा.

असे फोटो तिनं शेकड्यांनी काढले होते. कुठूनतरी सुटलेला कॅन्सर फुफ्फुसात येऊन बसला की असाच दिसतो, हे तिला पाठ होतं. अशा पेशंटला ती 'जरा बसा हं' म्हणून उगाच बाकावर थांबवायची, पाणी द्यायची, घाई करायची नाही.

"यंत्र चांगलं आहे," मावशी इंजिनिअरला म्हणाली. "स्वच्छ दिसतंय." आणि त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिनंच तिला खुर्चीवर बसवलं.

घरी तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं तिसऱ्या दिवशी, तेही काकांचे मोजे शिवता शिवता. "अहो, माझ्या छातीत काहीतरी निघालंय." काका वाचत होते ते वाचतच राहिले. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. मग पाहिलं, तर हातातला कागद उलटा होता.

पुढचे दोन महिने म्हणजे नुसता शोध. डॉक्टरसाहेबांनी तिच्या पोटाची सोनोग्राफी केली, तर यकृतातही गाठी, चार-पाच. मग मूळ कुठं आहे ते शोधायचं. जठर पाहिलं, आतडं पाहिलं, स्तन तपासले, गळा तपासला. सुया टोचून टोचून दंड काळानिळा झाला. कुठे काही सापडेना. आणि ते सापडत नाही म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मूळच सापडलं नाही तर इलाज कशावर करणार?

एका तपासणीचा कागद काकांनी माझ्या हातातून घेतला आणि वाचता वाचता एकदम लालबुंद झाले. खिशातून पेन्सिल काढली. "हे बघ! 'यकृत' कसं लिहिलंय! कृ-च्या जागी क्रु! ज्यांना शब्द धड लिहिता येत नाही, त्यांना माणसाच्या आतलं काय कळणार?" पेन्सिलीचं टोक मोडलं. मग ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मावशी मला म्हणाली, "राहू दे. जरा वेळानं चहा नेऊन दे त्यांना. आणि 'बरोबर आहे तुमचं' असं म्हण."

ती स्वतः मात्र कामाला लागली होती. आवराआवर. चांगला लोकरीचा कोट तिनं खालच्या कुलूपवाल्याच्या बायकोला दिला. शिवणयंत्र आईकडे पाठवून दिलं. हातातलं घड्याळ मला दिलं. "चावी रोज सकाळी द्यायची, विसरायचं नाही." काकांना भात करायला शिकवलं. काका भांड्यापुढे उभे राहून तिला प्रश्न विचारायचे, "दोन वाट्या पाणी म्हणजे काठोकाठ की काठाच्या खाली?" मावशी कपाळाला हात लावायची. "अहो, तुम्ही भात शिजवताय, शब्दकोश नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायचे, आणि हसता हसता मध्येच पाणी प्यायला निघून जायचे.

एवढं सगळं चालू असताना ती रोज कामावर जात होती. तळघराच्या अठ्ठावीस पायऱ्या दिवसातून दहादा चढत-उतरत होती. वजन कमी झालं नव्हतं. खोकला नव्हता. जेवण व्यवस्थित. हीच गोष्ट डॉक्टरसाहेबांना खुपत होती. एक दिवस चार वाजता मीही तिथे होते. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, काहीतरी जुळत नाही."

"साखर?"

"नाही हो. तुम्ही." ते पेटीसमोर उभे होते. "हे फुफ्फुस ज्याचं असतं तो माणूस दिवसातून दहादा पायऱ्या चढत नाही, चहा आणून देत नाही. तुमचा आधीचा फोटो आहे का कुठला? जुना?"

मावशी विचारात पडली. इतरांच्या छातीचे हजारो फोटो तिनं काढले होते. स्वतःचा? दरवर्षी तिचं रक्त तपासत, अंगावर किती किरणं पडली ते मोजायचा बिल्ला तपासत, पण फोटो कुणी काढला नव्हता. काढणारी तीच तर होती.

"नोकरीला लागताना काढला होता," ती म्हणाली. "सगळ्यांचाच काढतात तेव्हा. पण तो कुठे असणार आता?"

तो असण्याची थोडीशी शक्यता होती. जुन्या फिल्म नियमानं दहा वर्षांनी टाकून द्यायच्या असतात. पण आमच्या हॉस्पिटलात कुणी कधी काही टाकलं नव्हतं. सगळं गच्चीवरच्या एका खोलीत कोंबलेलं. आणि नवं यंत्र आल्यामुळे ती खोली आता रिकामी होणार होती. फिल्ममधली चांदी काढून घेणाऱ्या लोकांचा ट्रक सोमवारी येणार होता. आज गुरुवार.

शुक्रवारी मी रजा टाकली. काकांनीही टाकली, एकतीस वर्षांतली पहिली. डॉक्टरसाहेब त्यांच्या खोलीतलं काम संपवून अंगातला पांढरा कोट काढून वर आले. मावशीला आम्ही खालीच ठेवलं, तिथे पेशंट होते. खोलीत खांद्याइतके उंच ढिगारे. भुरकट पाकिटं, वर नाव आणि नंबर, शाई उडालेली. उंदरांनी कोपरे कुरतडलेले. एक पाकीट उचललं की दहा घसरायची. वर्षं लावलेली होती, पण मधूनच एखादं वर्ष दुसऱ्यातच मिसळलेलं. धुळीनं नाकी नऊ आले. डॉक्टरसाहेब शिंकले की काका न चुकता म्हणायचे, "सावकाश."

संध्याकाळपर्यंत ते वर्ष सापडलं. नोकरीवर घेतलेल्यांचा वेगळा गठ्ठाही सापडला, सुतळीनं बांधलेला. त्यात मावशी नव्हती. आम्ही तीनदा पाहिलं. डॉक्टरसाहेब एका खोक्यावर बसले. त्यांच्या चष्म्यावर धुळीचा थर होता, पण त्यांनी तो पुसला नाही.

काका गठ्ठा परत उलटसुलट करत होते. एकदम थांबले. "आपण कुठल्या नावानं शोधतोय?"

"म्हणजे?" मी म्हटलं.

"अगं, ती नोकरीला लागली तेव्हा आमचं लग्न कुठं झालं होतं? माहेरच्या नावानं बघ!"

चौथं पाकीट होतं. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी काकांना घाईत, जवळजवळ पळत जिना उतरताना पाहिलं.

खाली डॉक्टरसाहेबांनी फिल्म पेटीवर चढवली. मावशी आमच्या मागे उभी होती, अंगात तो जड शिशाचा एप्रन तसाच, पेशंटला सोडून नुकतीच आलेली. चोवीस वर्षांच्या मुलीची छाती. कडक, स्पष्ट फिल्म, काठाला थोडी पिवळी पडलेली. डॉक्टरसाहेबांनी नाक फिल्मला टेकेल इतकं पुढे नेलं. मग त्यांनी पेन उचलून एका ठिकाणी टोक ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

वाटाण्याएवढे तीन डाग. पुसट, बरगडीच्या सावलीत लपलेले. पण नव्या फोटोतल्या सातांपैकी तिघांच्या अगदी त्याच जागी.

"सव्वीस वर्षं," डॉक्टरसाहेब म्हणाले. "कॅन्सर सव्वीस वर्षं असा गप्प बसत नाही, बाई. हे दुसरंच काहीतरी आहे."

मावशी पुढे झाली, तिनं पाकिटातून पडलेला छोटा कागद उचलला. अहवाल होता. त्यावर एकच ओळ: छाती पूर्णपणे निरोगी. खाली सही. तिनं वाचून कागद डॉक्टरसाहेबांच्या हातात दिला.

सही त्यांचीच होती.

मी त्यांचा चेहरा विसरले नाही. ती सही केली तेव्हा ते तरुण असणार, नोकरीचं पहिलं-दुसरं वर्ष. "मला दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "हे बघा, हा तर स्पष्ट आहे. मी चुकलो." आणि परत, अगदी हळू, "मी चुकलो बाई."

मावशीनं एप्रन काढून खुंटीला लावला. मग तिनं जे म्हटलं ते मी अनेकांना सांगितलंय. "बरं झालं चुकलात. त्या दिवशी तुम्हाला हे दिसलं असतं तर मला कुणी नोकरी दिली नसती. यांच्याशी लग्न झालं नसतं. कोण करतं अशा मुलीशी? चोविसाव्या वर्षापासून मी मरायची वाट बघत बसले असते. तुमच्या चुकीवर मी सव्वीस वर्षं मजेत काढली." मग घड्याळ बघायला मनगट वर केलं, ते रिकामं होतं. "किती वाजले? तुमचा चहा राहिला."

पण 'दुसरंच काहीतरी' म्हणजे काय, ते अजून कळायचं होतं. डॉक्टरसाहेबांनी मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात चिठ्ठी दिली आणि स्वतः बरोबर आले. तिथे शिरेत औषध सोडून स्कॅन केला. यकृतातल्या गाठी त्या औषधानं कडेकडेनं उजळत गेल्या, मग सावकाश आतपर्यंत भरल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, ही खूण रक्तवाहिन्यांच्या गाठीची आहे. पण फुफ्फुसातल्या गाठी कसल्या, ते नुसतं बघून सांगता येणार नाही, एक काढून पाहावी लागेल. सुई टोचली तर रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून बरगड्यांमधून लहानशी छिद्रं पाडून, दुर्बीण आत घालून सर्जनबाईंनी एक गाठ काढली.

आठ दिवसांनी त्या सर्जनबाई खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. पटापट बोलणाऱ्या, केस आखूड कापलेल्या. "हे बघा, रक्तवाहिन्या वाढताना कधी कधी गुंता होतो. लोकरीच्या गुंड्यासारखा. आत छोट्या छोट्या पोकळ्या, त्यात रक्त. गाठ आहे, पण साधी. ती कुठे पसरत नाही, कुणाला खात नाही. यकृतात अशा गाठी बऱ्याच लोकांना असतात, कळतही नाही. फुफ्फुसात मात्र फारच क्वचित. आणि दोन्हीकडे एकदम? मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलेलं हे पहिलंच."

"मग इलाज?" काकांनी विचारलं.

"काही नाही. वर्षातून एकदा फोटो. छातीवर-पोटावर जोराचा मार लागू द्यायचा नाही. खोकल्यातून रक्त आलं तर लगेच यायचं. बाकी जगा."

"बाकी जगा," काकांनी परत म्हटलं, जणू छपाईला जायच्या आधी नीट लागलंय की नाही ते तपासत होते. मग त्यांनी चष्मा काढला, जो ते कधी काढत नसत, आणि सर्जनबाईंच्या समोर, मोठ्या आवाजात, लहान मुलासारखे रडले. मावशीच त्यांना थोपटत होती, स्वतःच्या टाक्यांवर एक हात दाबून धरून.

आमचा जीव भांड्यात पडला, पण मावशीपुढे वेगळाच पेच उभा राहिला. दिलेल्या वस्तू परत कशा मागायच्या? कुलूपवाल्याच्या बायकोनं कोट कापून स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. ती बिचारी वर आली आणि म्हणाली, "ताई, उसवून देऊ का?" मावशी म्हणाली, "नको गं, तुला माझ्यापेक्षा छान दिसतो." आईनं शिवणयंत्र परत पाठवलं, वर चिठ्ठी: 'पुन्हा मरायला निघालीस तर आधी मला विचार. त्या धुडाला हलवायला चार माणसं लागतात.' चिठ्ठीत दोन चुका होत्या. काकांनी त्या तशाच ठेवल्या. घड्याळ मी परत दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. नवं घेतलं, सेलवर चालणारं, आणि मला म्हणाली, "माझं जास्त बरोबर चालतं."

काही महिन्यांनी मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. तिचा आजार शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचा होता, ती हजर राहील का? मावशी नव्या कोटात गेली, बरोबर मी आणि डॉक्टरसाहेब. सभागृहात साठ-सत्तर मुलं-मुली. पडद्यावर तिचं फुफ्फुस भिंतीएवढं मोठं. शिकवणारे प्राध्यापक बोलत होते आणि ती पहिल्या रांगेत चुळबुळ करत होती. शेवटी तिनं हात वर केला. "सर, मध्येच बोलते, माफ करा. हा फोटो काढताना मी श्वास अर्धवट सोडला होता. म्हणून खालचे दोन डाग एकमेकांवर आलेत. मुलांना वाटेल तो एकच आहे. दुसरा फोटो लावा." प्राध्यापकांनी दुसरा लावला. खरंच दोन निघाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत डॉक्टरसाहेब म्हणाले, "मला सव्वीस वर्षांपूर्वी तुमच्यासारखी कुणीतरी शेजारी हवी होती." त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल मी ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य.

ती आणखी दहा वर्षं नोकरीत राहिली. नवं यंत्र तिनं आपलंसं केलं, पण अंधाऱ्या खोलीत झाडू-बादल्या ठेवू दिल्या नाहीत. तिथं दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकलं. वाईट फोटो निघालेल्या माणसाला बोळात, सगळ्यांसमोर बसावं लागू नये म्हणून. ज्यांना एकटं बसायचं असेल ते एकटे बसत, ज्यांना बोलायचं असेल त्यांच्यासमोर ती बसे. आपल्या छातीतल्या गाठींबद्दल ती त्यांना कधीच सांगायची नाही. मी विचारलं होतं, का नाही सांगत, धीर येईल की. ती म्हणाली, "माझं साधं निघालं म्हणून त्याचं साधं निघेल असं थोडंच आहे? खोटी आशा देऊ नये गं. पाणी द्यावं."

दरवर्षी तिचा फोटो व्हायचा. डॉक्टरसाहेब जुना आणि नवा शेजारी-शेजारी लावून पट्टीनं मोजायचे. एखादी गाठ दोन वर्षांत केसभर वाढायची, बाकीच्या जागच्या जागी. ती त्यांना 'मंडळी' म्हणायची. "मंडळी काय म्हणतात?" "सुखरूप आहेत." निवृत्त झाल्यावरही डॉक्टरसाहेब त्या एका दिवशी हॉस्पिटलात यायचे, फक्त पट्टी धरायला. ते गेले त्या वर्षी मावशीनं फोटोच काढला नाही. आम्ही रागावलो तेव्हा म्हणाली, "पुढच्या वर्षी काढीन. एक वर्ष मंडळींना सुट्टी."

काका त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत भात उत्तम करायचे, दाणा न् दाणा मोकळा.

मावशी एकोणसत्तराव्या वर्षी घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातला एक तरुण डॉक्टर धावत माझ्याकडे आला. मला कोपऱ्यात नेलं, आवाज खाली केला. "कसं सांगू कळत नाही. ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढला. फुफ्फुसात गाठी आहेत."

"आहेत ना," मी म्हटलं. "माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत." आणि पिशवीतून जाडजूड फाईल काढून त्याच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या वाचायला लागला, मग बसून वाचायला लागला. त्या फाईलच्या पहिल्या पानाला 'छाती पूर्णपणे निरोगी' हा जुना एक ओळीचा अहवाल चिकटवलेला होता. मावशीनंच चिकटवला होता आणि कुणाला काढू दिला नव्हता.

खुबा बरा झाला. काठी घेऊन ती आणखी चार वर्षं हिंडली-फिरली. गेल्या वर्षी गेली, दुपारी जेवण झाल्यावर, हृदय थांबून. मंडळींचा त्यात काही हात नव्हता. तिच्या त्या दोन खोल्यांत आता मी राहते. खाली कुलूपवाल्याचा मुलगा दुकान चालवतो आणि सकाळी नऊला कानशीचा आवाज सुरू झाला की मी उठून खिडकी उघडते.